वापरलेली तीन रांगांची गाडी: मराझो, बीआर-व्ही की कॅरेन्स?

करवंद | शनिवार, सकाळी ९:४०

घरात माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाईंना घाटात गाडी लागते. राहतो सिंहगड रोडला. रोजची शाळा-ऑफिसची धावपळ, आणि गणपती, शिमगा, मे महिना गुहागरजवळच्या गावी. जायचा रस्ता पाटणवरून कुंभार्ली घाटाचा. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतचा तुकडा कच्चा, लाल मातीचा आणि चांगलाच चढाचा आहे.

टायर, विमा, गाडी नावावर करायचा खर्च असं सगळं धरून बजेट १० लाख. कर्ज काढायचं नाही, त्यामुळे वापरलेलीच घ्यायची. बघून ठेवलेल्या तीन:

महिंद्राची मराझो एम८, जानेवारी २०१९, डिझेल, मधे दोन स्वतंत्र खुर्च्यांची सात सीटर. नाशिक पासिंग, एकच मालक.

होंडाची बीआर-व्ही पेट्रोल सीव्हीटी (म्हणजे ऑटोमॅटिक), २०१८, पुणे पासिंग, दुसरा मालक. तिघींत स्वस्त.

कियाची कॅरेन्स, साधं १.५ पेट्रोल मॅन्युअल, २०२२. डीलरकडे आहे, किंमत बजेटच्या अगदी काठावर.

एर्टिगा सुचवण्याआधीच सांगते, बघितल्या. चांगल्या होत्या त्यांचे भाव ऐकून नवीच घ्यावी असं वाटलं. उरलेल्यांकडे बघून त्या आधी कुठे धावत होत्या ते विचारायचीही गरज नव्हती.

नेमकं काय तपासू? आणि या तिघींपैकी कुठली?

फक्त_वाचक | ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. मलाही दिवाळीपर्यंत हेच करायचं आहे.

डिझेलबुवा | १०:१५

मराझो नको. गाडी उत्तम आहे, वाद नाही. पण कंपनीने बनवणं बंद केलंय. इंजिनाचे, ब्रेकचे भाग मिळतील. काच, दिवा, बंपर, दाराच्या आतलं प्लास्टिक यासाठी पाच वर्षांनी स्क्रॅपच्या बाजारात हिंडाल. बीआर-व्हीचंही तेच, ती तर २०२० लाच गेली. तिचं पेट्रोल इंजिन निदान त्या काळच्या होंडा सिटीमधलंच आहे, त्यामुळे त्याच्या भागांची चिंता नाही.

मिस्टरांना म्हणावं कॅरेन्सची एक लांब ट्रायल घ्या.

करवंद | १०:२१

मिस्टरांकडे लायसन आहे, हौस नाही. चालवणार मी. ट्रायलही मीच घेईन.

खोडसाळ_खार | १०:२४

बुवा, रिव्हर्स टाका, रिव्हर्स.

नाशिकचा_शेजारी | ११:०५

मराझो आमच्या नाशिकच्या कारखान्यातली, त्यामुळे पक्षपात गृहीत धरूनच वाचा.

ही गाडी जरा अजब आहे. खाली शिडीसारखी चासी, बोलेरो-स्कॉर्पिओसारखी, पण इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना. त्यामुळे चासीची गाडी असूनही मधली फरशी बरीच सपाट आणि आतली रुंदी भरपूर. १.५ लिटर चार सिलिंडरचं डिझेल, ३०० न्यूटन मीटर टॉर्क. सहा माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली चढताना गिअर पाडत बसावं लागत नाही. मागच्यांचा एसी छतातून येतो, तो या गाडीचा खरा दागिना. सासूबाईंना गाडी लागते म्हणता ना? तिसऱ्या रांगेत गार हवा पोचणं याला महत्त्व आहे.

मायनस: एअरबॅग दोनच. तिन्ही रांगा वर असताना डिकी १९० लिटर, म्हणजे दोन मध्यम बॅगा. आणि बुवा म्हणतात ते सुट्या भागांचं.

टॉर्कमाउली | ११:३०

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मराझोला २०१८ मध्ये मोठ्यांसाठी ४ तारे, मुलांसाठी २. कॅरेन्सला २०२२ मध्ये दोन्हीकडे ३. कॅरेन्सला सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत पहिल्यापासून आहेत. "सहा एअरबॅग म्हणजे जास्त सेफ" आणि "चार तारे म्हणजे जास्त सेफ" अशा दोन पार्ट्या आता इथे पडतील. मी बाजूला बसून शेंगा खातो.

बदलापूरकाका | ११:४८

डिझेल घेऊ नका, दहा वर्षांनी भंगारात जाते. २०१९ ची म्हणजे थोडीच वर्षं उरली समजा.

आरटीओ_मित्र | १२:१०

काका, तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा. महाराष्ट्रात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं, मग तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. पेट्रोल असो की डिझेल.

मात्र याच कारणाने दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. चकचकीत असतात, भाव बघून भुरळ पडते. पण तिकडचं ना-हरकत पत्र, इथला कर नव्याने, नवा नंबर, हे सगळं धरलं की स्वस्ताई संपते.

सातासमुद्रापार | १२:४०

इथे न्यू जर्सीत या गरजेला सगळे सरळ मिनीव्हॅन घेतात. सरकती दारं, आजी-आजोबा खूश. तीन रांगांच्या क्रॉसओव्हर दिसायला रुबाबदार, पण तिसरी रांग लहान मुलांपुरतीच. तिकडे टोयोटाची सिएना मिळत नाही का?

खोडसाळ_खार | १२:४३

मिळते की. कुंभार्ली घाटात वडापावबरोबर फुकट देतात.

कोयनाकाठ | १:२०

सगळे इंजिन आणि तारे घेऊन बसलेत. मी वेगळं विचारतो. करवंदताई, तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

हसू नका, यावरच गाडी ठरते. ४ वर्षांचा मुलगा म्हणजे चाइल्ड सीट हवी. ती आयसोफिक्सला (चाइल्ड सीटसाठी गाडीत दिलेल्या कड्यांना) अडकवायची म्हणजे मधल्या रांगेत. आता ज्या बाजूची मधली सीट दुमडून मागे जायचं, नेमक्या त्याच सीटवर ती बांधलीत तर वाट बंद. दर वेळी ती काढायची, सीट पाडायची, माणूस आत घालायचा, परत बांधायची. आठवडाभरात कंटाळून तुम्ही चाइल्ड सीट माळ्यावर टाकाल. बहुतेक घरांत हेच होतं.

म्हणून सलग बाक असेल तर चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे, म्हणजे फुटपाथच्या बाजूची सीट दुमडायला मोकळी राहते. कॅरेन्समध्ये ती एका बटणाने उलटते. स्वतंत्र खुर्च्या असतील तर दोन्हींच्या मधून मागे जाता येतं, पण कमरेत वाकून. आजोबांना ते जमायचं नाही.

करवंद | २:०५

हा विचार खरंच केला नव्हता. आमच्या डोक्यात "मुलं मागे, मोठे मधे" एवढंच होतं.

मग अशी मांडणी होते का बघा. पुढे मी आणि सासरे, कारण पुढच्या सीटवर चढ-उतर सोपी. मधे सासूबाई आणि मुलगा. मागे मुलगी आणि...

खोडसाळ_खार | २:०७

मिस्टर!!!

टॉर्कमाउली | २:०९

ज्यांना चालवायची हौस नाही त्यांना तिसरी रांग. न्याय झाला.

कोयनाकाठ | २:३०

थट्टा राहू द्या, मांडणी बरोबर आहे. पण मग तिसऱ्या रांगेत उंच माणूस तासन् तास बसू शकतो का, हे तपासायला हवं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर कॅरेन्सचं २७८० मिमी, मराझोचं २७६०, बीआर-व्हीचं २६६२. दहा सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, ती नेमकी गुडघ्यापाशी कमी पडतात.

आणखी एक. तिसऱ्या रांगेचं आसन फरशीपासून किती उंच आहे ते बघा. आसन बसकं असेल तर मांड्या हवेत राहतात, सगळा भार माकडहाडावर येतो. पाच मिनिटांत कळत नाही, अर्ध्या तासात माणूस चुळबुळ करायला लागतो. नवऱ्याला मागे बसवून खडकवासल्यापर्यंत जाऊन या. परत आल्यावर तो काय बोलतो त्यावरून काय ते समजेल.

चिपळूणची_चटणी | ४:१५

आता माझं ऐका. आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्या भंगारात गेल्या असं कुणी समजू नये. धुऊन, वाळवून, सीट कव्हरं बदलून कुठे कुठे गेल्या देव जाणे. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुराचंही तेच. तुमच्या तीनपैकी दोन गाड्या २०२१ च्या आधीच्या आहेत. पासिंग नाशिक-पुण्याचं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, गाडी तेव्हा कुठे उभी होती हे आरसीवर लिहिलेलं नसतं.

तपासायचं कसं? सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुताना वरचा भाग धुतला जातो, गुंडाळीतला आतला पट्टा कुणी बघत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की हात जोडायचे आणि निघायचं. तिसऱ्या रांगेचे बेल्ट तर नक्कीच ओढा, ते कुणी वापरतच नाही. मग सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, गंज कुठवर आहे. डिकीतला गालिचा उचलून हात फिरवा. कोपऱ्यात मऊसूत वाळलेला गाळ लागतो, तो धुळीसारखा नसतो, बोटाला पिठासारखा चिकटतो. डॅशबोर्डच्या खालून वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट बुरशी दिसली तर विषयच संपला.

अत्तरासारखा वास मारणारी गाडी असेल तर मी दारच उघडत नाही.

फक्त_वाचक | ४:२२

चटणीताई, वाचनखूण साठवली.

डिझेलबुवा | ५:००

चटणीताईंना अनुमोदन. माझी भर:

गाडी सकाळी बघायला जा आणि मालकाला आधी सांगा, चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताना जे बोलतं ते खरं. बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट बघा, रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडले गेलेत. काचांवर साल कोरलेलं असतं. एकाच काचेचं साल वेगळं निघालं तर विचारा, का बदलली. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २०१९ च्या गाडीवर मूळ टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, चारही टायरचे पैसे भावातून वजा करा.

मीटरवर विश्वास नाही. सर्व्हिसची सगळी बिलं घ्या, प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं किलोमीटर असतं. जुन्या पीयूसीच्या, विम्याच्या कागदांशी जुळवा. शक्य असेल तर विम्याचा क्लेम झालाय का तेही काढा.

आणि तिसऱ्या रांगेचा एसी: भर दुपारी, मागे बसून, पंखा पूर्ण.

बदलापूरकाका | ५:४०

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल २० टक्के. २०१८ च्या बीआर-व्हीचे रबरी पाइप गेले म्हणून समजा.

टॉर्कमाउली | ५:४४

झालं. ई-२० आलं. धागा गेला.

*(यानंतरचे इथेनॉल, ऊस आणि साखर कारखान्यांच्या राजकारणावरचे प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा. – संपादक)*

नाशिकचा_शेजारी | ७:१०

संपादकांचे आभार. त्या गदारोळातून कामाचं एवढंच: ई-२० साठी बनवलेल्या गाड्या साधारण एप्रिल २०२३ पासूनच्या. त्याआधीची पेट्रोल गाडी घेतलीत तर पेट्रोलच्या नळ्या आणि जोड्या दर सर्व्हिसला बघायला सांगा, ॲव्हरेज थोडं घटणार हे धरून चाला. डिझेलला हा प्रश्न नाही.

डिझेलचा प्रश्न वेगळा, तो डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. बीएस-६ डिझेल रोज दोन-तीन किलोमीटर शाळेपर्यंत फिरवली की फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, मग हायवेला पळवून आणा. पण जानेवारी २०१९ ची म्हणजे बीएस-४, तिला ही भानगड नाही. शाळेच्या फेऱ्यांसाठी हा मोठाच फायदा आहे.

कोयनाकाठ | ७:३५

लाल मातीच्या चढाबद्दल कुणी बोललंच नाही. तिन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. मागे दोन माणसं आणि डिकीत सामान असलं की पुढचा भाग हलका होतो. गणपतीच्या पावसात त्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. आमच्या गावी सरळ पद्धत आहे: मागची मंडळी खाली उतरतात, छत्र्या उघडतात आणि चालत वर जातात. गाडी एका दमात, मधे न थांबता वर. पुढच्या टायरची नक्षी अशा वेळी फार कामाची. उंचीचा प्रश्न असेल तर बीआर-व्हीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी, ती तिथे निवांत.

खोडसाळ_खार | ७:३८

म्हणजे मिस्टर आधी तिसऱ्या रांगेत आणि नंतर चिखलात.

अनुस्वार | ८:५०

थोडं वेगळं मत मांडते. सहा जण एकत्र वर्षातून किती वेळा जाता? तीनदा-चारदा. बाकी दिवस ही मोठी गाडी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही एकटीने ओढणार आणि सोसायटीत पार्किंग शोधणार. आम्ही पाच सीटर चांगली ठेवली आणि गावी जाताना ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने करतो. घाटात कुणाचे हात दुखत नाहीत, सासूबाईंची चिडचिड ड्रायव्हरवर निघते.

करवंद | ९:२०

अनुस्वार, हिशेब पटतो. पण गणपतीच्या आठवड्यात भाड्याची गाडी मिळवणं आणि तिचा भाव हा आमच्या घरात दर वर्षीचा वादाचा विषय आहे. शिवाय गावी गेल्यावर दवाखाना, बाजार, नातेवाईक, सगळीकडे गाडी लागतेच. आणि मला घाट चालवायला आवडतो हे खरं कारण.

आरटीओ_मित्र | १०:०५

गाडी आवडली की लोक कागद विसरतात, म्हणून आधीच लिहितो.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. कर्ज फिटलं असलं तरी नोंद आपोआप जात नाही; बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. तो मालकाने आधी उतरवून घ्यावा, मगच पूर्ण पैसे. थकलेले ई-चलान त्याच्याच खात्यातून भरून घ्या. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. दोघं एकाच राज्यातले असाल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस. तो राहिला आणि मधे गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनी हात वर करते. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढणार. फास्टॅग त्याने बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा.

मराझो जानेवारी २०१९ ची आहे, म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची. नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचारा.

आणि कुठलीही पांढऱ्या पाटीची गाडी असो, आरसीचा इतिहास बघा. पिवळ्या पाटीची पांढरी करता येते. तीन रांगांच्या गाड्यांत हे जरा जास्तच चालतं.

सातासमुद्रापार | १०:३०

सिएनाचं मागे घेतो. बाकी धागा झकास.

करवंद | पुढचा रविवार, रात्री ८:१५

तिन्ही बघून झाल्या. सासरे, सासूबाई, मुलं, चाइल्ड सीट, सगळं लटांबर घेऊन गेले होते. डीलरच्या पोरांनी असं गिऱ्हाईक पाहिलं नसावं.

बीआर-व्ही: चालवायला सगळ्यात हलकी आणि गुळगुळीत, शहरात मला हीच आवडली. पण नवऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. कागदांतही एक वर्षभराची सर्व्हिसच सापडेना. मालक म्हणे, बाहेर करून घेतली, बिलं नाहीत. सोडली.

कॅरेन्स: सासूबाईंना हीच हवी. बटणाने सीट उलटताना बघून त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. जागा छान. पण सहा जण बसवून पुलाच्या चढावर घेतली तेव्हा इंजिन ओढत होतं, दुसऱ्या गिअरमध्येच राहावं लागलं. डीलर भावात हलायला तयार नाही. टायर, विमा धरून बजेटच्या वर जाते.

मराझो: मालक म्हणजे निवृत्त गृहस्थ, बिलांची फाइल तारखेनुसार लावलेली. मागचे बेल्ट ओढले, कोरे करकरीत. डिकीच्या गालिच्याखाली एक वाळकं द्राक्ष सापडलं, गाळ नाही. नवरा नाशिकच्या रिंग रोडवर मागे बसून झोपला, यालाच पास समजते. सासरे पुढे बसले तेव्हा चढताना दाराच्या खांबावरचं हँडल धरून सहज चढले. टायर मात्र मूळचेच आहेत. आणि बँकेचा बोजा आरसीवर तसाच आहे, कर्ज कधीच फिटलंय म्हणतात.

मन मराझोकडे आहे. दोनच एअरबॅग एवढं एकच टोचतं.

डिझेलबुवा | ८:४०

सुट्या भागांचं माझं मत तेच आहे. घेणारच असाल तर विम्यात झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) घ्या आणि मागचा एखादा दिवा, आरशाची काच मिळते आहे तोवर घेऊन ठेवा. टायरचे पैसे कापले का?

करवंद | ८:४६

कापले. मराझोच्या मालकांनी थोडी कुरकुर केली, पण कापले.

टॉर्कमाउली | ८:५५

दोन एअरबॅगचं काही करता येणार नाही, पण तिसऱ्या रांगेसकट सगळ्यांचे बेल्ट रोज लागले तर अर्धी लढाई तिथेच जिंकता. डिकीतलं सामान मात्र मागच्यांच्या डोक्याच्या वर रचू नका. ब्रेक लागला की पहिलं तेच पुढे येतं.

नाशिकचा_शेजारी | ९:०२

मग सामान कुठे? १९० लिटरमध्ये सहा जणांचं गणपतीचं सामान मावणार नाही, येताना नारळ-फणस वेगळेच.

कोयनाकाठ | ९:१०

छतावर कॅरिअर. हलकं आणि मोठं वर (अंथरुणं, कपडे), जड ते खाली. ताडपत्री दोरीने बांधा, नुसती इलॅस्टिकची हुकं नकोत, घाटातल्या वाऱ्यात सुटतात. फणस मात्र मागच्यांच्या पायाशीच.

आरटीओ_मित्र | ९:२५

बोजा असेल तर घाई नको. टोकन द्या, तेही खात्यातून, आणि पावतीवर गाडी नंबर, ठरलेली किंमत आणि "बोजा उतरल्यावर उरलेली रक्कम" असं लिहून दोघांच्या सह्या. बँकेचं पत्र जुनं झालं असेल तर त्यांना नवं काढावं लागेल, निवृत्त माणूस आहे, एखादी फेरी तुम्हीच मारून द्या. सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर बोजा गेलेला दिसला की मग बाकीचे पैसे.

चिपळूणची_चटणी | ९:३३

स्टेपनी काढून बघितलीत का? आणि जॅक, पाना?

करवंद | ९:४१

जॅक-पाना आहे. स्टेपनी खाली लटकलेली नुसती वाकून पाहिली. उद्या फोन करून त्यांना उतरवून फोटो पाठवायला सांगते, टोकन त्यानंतर.